विश्लेषण : पाहुण्यांना जेवायला न्यायचे कुठे? मुंबईत स्वस्त आणि निवांत हॉटेल मिळणे इतके अवघड का?

‘शुक्रवारच्या गाडीने निघतोय, चार दिवस राहू,’ असा गावाकडून फोन येतो. मुंबईतल्या घरात आनंद होतो आणि पाठोपाठ जुळवाजुळव सुरू होते. कोण कुठे झोपेल, रजा कोण घेईल आणि एक दिवस सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचे तर कुठे? पावलोपावली खाण्याची ठिकाणे असलेल्या या शहरात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहज मिळायला हवे. प्रत्यक्षात तोच प्रश्न सर्वात जास्त छळतो. जिथे खिशाला परवडते तिथे बसू देत नाहीत आणि जिथे बसू देतात तिथे परवडत नाही. असे का होते, त्याचा या शहराच्या जागेशी आणि इतिहासाशी काय संबंध आणि त्यातून वाट कशी काढता येईल, याविषयी…

अडचण नेमकी काय?

गेल्या वर्षी आई-बाबा आणि आत्या मुंबईत आले, तेव्हाची गोष्ट. घरची दोन मुले धरून आम्ही सात जण. एका नव्या मॉलमधल्या हॉटेलात टेबल राखून ठेवले होते. दिवे इतके मंद, की बाबांना मोबाइलच्या बॅटरीत मेन्यूकार्ड वाचावे लागले. गाणे इतके मोठ्याने, की आत्याने दोनदा काहीतरी विचारले आणि तिसऱ्यांदा विचारायचेच सोडून दिले. आईने कार्डाची उजवी बाजू आधी वाचली आणि म्हणाली, ‘मला फारशी भूक नाही, तुझ्यातलेच थोडे घेईन.’ सकाळपासून तिने चहाशिवाय काही घेतले नव्हते, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी चूक सुधारायची म्हणून स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात गेलो. जेवण उत्तम, दर माफक, पण सात जण एकत्र बसतील अशी जागा नाही. चौघे एका टेबलावर, तिघे दुसऱ्या कोपऱ्यात, तेही अनोळखी माणसांच्या शेजारी. शेवटचा घास तोंडात असतानाच पोऱ्याने टेबल पुसायला घेतले आणि दारातली रांग आमच्या ताटांकडे पाहत उभी होती. दोन दिवसांत दोन जेवणे झाली, पण बसून बोलणे एकदाही झाले नाही.

बहुतेक मुंबईकरांच्या घरी ही गोष्ट थोड्याफार फरकाने घडलेली असते. त्यात मोडून पडते ते केवळ महिन्याचे अंदाजपत्रक नव्हे. गावाकडची माणसे वर्षातून एकदा-दोनदा येतात. आपला मुलगा, आपली लेक या शहरात कशी राहते, सुखात आहे ना, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे असते. घर लहान, दिवस धावपळीचा. अशा वेळी बाहेरचे एक जेवण म्हणजे सगळ्यांनी समोरासमोर बसण्याची संधी. शिवाय घरातल्या ज्या बाईने सकाळी सात जणांचे डबे-नाश्ते उरकून लोकल पकडलेली असते, तिलाही त्या वेळी पाहुण्यांसोबत बसता येते. ‘घरचे सोडून हॉटेलात कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी घरचे कोण करते, हेही विचारावे.

स्वस्त हॉटेले मुळात कुणासाठी उभी राहिली?

मुंबईतील स्वस्त खाण्याच्या जागा कुटुंबासाठी जन्मालाच आल्या नव्हत्या. त्या एकट्या माणसासाठी होत्या. कोकणातून, घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या कामगारांचे बिऱ्हाड बहुतेकदा गावीच असे. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी केली. खोलीत पंगत बसे, पुढच्या पाळीचे कामगार यायच्या आत उठावे लागे. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. माटुंग्यातील ‘बोर्डिंग’ दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांच्या जेवणाची सोय होती. ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे, मणीज लंच होम १९३७ चे. काळबादेवीच्या गल्ल्यांतील भोजनालये आणि ‘क्लब’ गुजरातेतून व्यापारा-नोकरीसाठी आलेल्यांची भूक भागवत. ‘बोर्डिंग’, ‘लंच होम’, ‘क्लब’, ‘खानावळ’ ही नावेच सांगतात, की येथे येणारा माणूस घर लांब ठेवून आला आहे.

अशा जागेचा नियम साधा होता : या, पोटभर जेवा, उठा. पोटभर वाढण्यात कंजुषी नव्हती, पण गप्पांसाठी जागा नव्हती आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. टेबल अनोळखी माणसासोबत वाटून घेणे हा शिष्टाचार होता.

इराणी हॉटेल हा याला मोठा अपवाद. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकानाची जागा, उंच छत, संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या आणि एका चहावर तासभर बसलेले गिऱ्हाईक. अनेक इराण्यांकडे ‘फॅमिली रूम’ असे, पडद्याआडची किंवा माळ्यावरची. बायका-मुलांना घेऊन बाहेर खायला जाणे जेव्हा सर्रास नव्हते, तेव्हा कित्येक मराठी घरांतल्या बायकांनी हॉटेलाची पहिली पायरी चढली ती याच खोल्यांत.

पुढे कुटुंबे हॉटेलात जाऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली ती वातानुकूलित दालनाची. उडुपी हॉटेलात खाली साधा विभाग, वर एसी. डोसा तोच, दर वेगळा. म्हणजे शहराने दोन वाटा पाडल्या. एकट्याने घाईत खायचे तर स्वस्त, घरच्यांसोबत निवांत बसायचे तर महाग. आज आपल्याला हवे असलेले ‘स्वस्त आणि निवांत’ हे या दोन वाटांच्या मधे कुठेतरी आहे, म्हणूनच ते सापडत नाही.

टेबलाचे गणित काय सांगते?

हॉटेलात आपण जेवण विकत घेतो, असे आपल्याला वाटते. मालकाच्या दृष्टीने तो जेवणासोबत टेबलावरचा वेळही विकत असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा भाडे, वीज आणि पगार मिळून एका टेबलाच्या वाट्याला महिन्याला ३० हजार रुपये खर्च येतो, म्हणजे दिवसाला एक हजार. त्या टेबलावर दिवसभरात दहा वेळा गिऱ्हाईक बसले, तर प्रत्येक वेळी १०० रुपये वसूल व्हायला हवेत. तीनच वेळा बसले, तर ३३३ रुपये. डाळ, तांदूळ, गॅस याचा खर्च यात धरलेलाच नाही.

याचा अर्थ असा, की ८० रुपयांचा डोसा विकणाऱ्या मालकाला दहा वेळा टेबल फिरवावेच लागते. पोऱ्या आपल्या ताटाखालून फडके फिरवतो तो उद्धट असतो म्हणून नव्हे. ते टेबल वेळेत रिकामे झाले नाही, तर तो डोसा ८० रुपयांत मिळणार नाही. उलट मंद दिव्यांच्या हॉटेलात कुणी उठवत नाही, कारण आपल्या तासाभराच्या गप्पांचे भाडे पनीरच्या भाजीत आधीच मिळवलेले असते.

हे एकदा लक्षात आले, की प्रश्न बदलतो. ‘स्वस्त हॉटेल कुठे आहे?’ याऐवजी ‘टेबलाचा वेळ स्वस्त कुठे आणि केव्हा असतो?’ असे विचारावे लागते. त्याची दोन उत्तरे आहेत. एक, जिथे मालकाला बाजारभावाने भाडे द्यावे लागत नाही. दोन, ज्या वेळी टेबल एरवीही रिकामेच असते.

जुनी हॉटेले अजून कशी टिकली?

यातले पहिले उत्तर मुंबईच्या भाडे कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. २००० मध्ये लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बऱ्याच अंशी कायम ठेवले. दक्षिण मुंबई, गिरगाव, दादर, माटुंगा या भागांतील अनेक जुनी उपाहारगृहे पागडीच्या जागेत किंवा घराण्याच्या मालकीच्या जागेत आहेत. धोबीतलावचे १९०४ मधील कयानी असो की दादरचे १९१० पासूनचे मामा काणे, अशा जागांत आजही माफक दरात खाता येते, याला मालकांची चिकाटी जितकी कारण आहे तितकेच जागेचे जुने अर्थकारणही आहे.

पण हीच त्यांची दुबळी बाजू. इमारत जुनी, पुनर्विकास कधीतरी होणारच. इमारत पाडली, की हॉटेल काही वर्षे बंद राहते, कारागीर पांगतात आणि नव्या इमारतीत परतताना देखभालीचा खर्च वाढलेला असतो. त्यात पुढची पिढी पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला तयार नसेल, तर गाळा भाड्याने देणे अधिक फायद्याचे ठरते. गिरगावातल्या खोताच्या वाडीतील अनंताश्रम असेच इतिहासजमा झाले. इराणी हॉटेले तर आता मोजकीच उरली आहेत.

आणि खानावळींच्या गिरणगावाचे काय झाले, हे सगळ्यांसमोर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर, मॉल आणि ‘वातावरणा’साठी ओळखली जाणारी हॉटेले आली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून नव्या हॉटेलात शिरताना सजावटीइतकीच बाहेर पडण्याची वाटही पाहून ठेवावी, हा धडा आहे. म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असताना तर नक्कीच.

बिलात काय काय येते?

कार्डावरचा दर आणि हातात पडणारे बिल यांत फरक असतो. तो आधी माहीत असला, तर गल्ल्यावर पाहुण्यांसमोर चेहरा पडत नाही.

पहिला भाग वस्तू व सेवा कराचा. सुरुवातीला वातानुकूलित हॉटेलांना १८ आणि साध्या हॉटेलांना १२ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींना सरसकट पाच टक्के झाला. मोठ्या तारांकित हॉटेलांच्या आवारातील उपाहारगृहांना मात्र १८ टक्के कर लागू शकतो. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली छोटी हॉटेले कंपोझिशन योजना घेऊ शकतात. त्यांनी कर स्वतः भरायचा असतो, गिऱ्हाईकाच्या बिलात तो वेगळा लावता येत नाही.

दुसरा भाग सेवा शुल्काचा, म्हणजे सर्व्हिस चार्जचा. हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून बिलात तो आपोआप जोडण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली. त्यामुळे बिलात असे शुल्क दिसले, तर ते काढायला शांतपणे सांगता येते. ऐकले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तिसरा भाग पाण्याचा. वेटर ‘बाटली की साधे?’ असे विचारतो आणि पाहुण्यांसमोर ‘साधे’ म्हणायला जीभ अडखळते. उपाहारगृहांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तेव्हा सात माणसांच्या चार बाटल्या म्हणजे एका भाजीचे पैसे.

एक उदाहरण करून पाहू. समजा सहा माणसे आहेत. साध्या हॉटेलात माणशी २५० रुपये धरले, तर १५०० आणि कर ७५, एकूण १५७५ रुपये. मॉलमधल्या हॉटेलात माणशी ९०० धरले, तर ५४००. त्यावर १० टक्के सेवा शुल्क ५४०, दोन्हींवर पाच टक्के कर २९७, एकूण ६२३७ रुपये. दोन्हींत जवळपास चार हजार सहाशेंचा फरक आहे. या फरकात सहा जणांची टॅक्सी, नाटकाची तिकिटे आणि परतीच्या प्रवासाची शिदोरी यातले बरेच काही बसते.

मत्स्याहारी थाळीबाबत आणखी एक खाचखळगा. कार्डावर सुरमई, पापलेटपुढे आकडा नसतो, ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेले असते. मागवण्याआधी भाव विचारण्यात कमीपणा नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्या दिवसांत ताजा मासा कमी आणि महाग. तेव्हा बांगड्याच्या थाळीवर किंवा कोंबडी-वड्यांवर भागवावे. आणि पाहुणे कोकणातलेच असतील, तर त्यांना मुंबईत मासे खायला नेण्याचे धाडस करू नये. त्यांच्या तोंडून ‘आमच्याकडचे…’ एवढेच ऐकायला मिळते.

‘चांगले वातावरण’ म्हणजे नेमके काय?

हॉटेलांच्या जाहिरातींत वातावरण म्हणजे झुंबरे, वेली आणि फोटो काढायचा कोपरा. साठी-सत्तरीच्या माणसांसाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. कार्ड वाचता येईल एवढा उजेड, शेजारच्याचे बोलणे ऐकू येईल एवढी शांतता, पाठ टेकता येईल अशी खुर्ची. उंच स्टूल आणि खोल सोफा, दोन्हींवरून गुडघेदुखीच्या माणसाला उठणे कठीण. जिना नसावा किंवा लिफ्ट असावी. स्वच्छतागृह असावे आणि ते पोटमाळ्यावर नसावे. न मागता पाण्याचा तांब्या किंवा पेले यावेत आणि ‘यात काय असते?’ असे मराठी-हिंदीत विचारल्यावर वेटरने कपाळाला आठी घालू नये.

ही यादी पाहिली, तर तिच्यात महाग असे काही नाही. ट्यूबलाइटचा उजेड झुंबरापेक्षा स्वस्त, शांतता ध्वनिवर्धकापेक्षा स्वस्त. आपल्या मनात ‘चांगले हॉटेल’ म्हणून जे चित्र बसले आहे ते आपल्या पाहुण्यांचे नसते, आपल्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे असते. पाहुण्यांना दाखवायला म्हणून आपण जे निवडतो, त्यात पाहुण्यांची सोय शेवटी येते.

मग कुठे आणि केव्हा न्यावे?

टेबलाच्या गणिताचे दुसरे उत्तर येथे कामी येते : वेळ निवडा. दुपारी साडेतीन ते साडेसहा या वेळात जी जुनी हॉटेले उघडी असतात, तिथे टेबले बहुधा रिकामी असतात. त्या वेळी सात माणसांना कुणी उठवत नाही. रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारच्या खाण्याचा बेत ठरवला, तर खर्च निम्म्यावर येतो आणि निवांतपणा मिळतो. जेवायलाच न्यायचे, तर दुपारी बारा किंवा संध्याकाळी सात. गावाकडच्या ज्येष्ठांची जेवणाची वेळ तीच असते. रात्री नऊची गर्दी ही शहराची सवय आहे, त्यांची नव्हे. शनिवार-रविवार टाळता आला, तर उत्तमच. मात्र जुन्या हॉटेलांची साप्ताहिक सुटी विचारून निघावे. माटुंग्याचे कॅफे मद्रास सोमवारी बंद असते, हे दारात पोहोचल्यावर कळू नये.

दुसरा उपाय म्हणजे खाणे आणि बसणे यांची फारकत. स्वस्त हॉटेल बसू देत नसेल, तर त्याच्याकडून बसण्याची अपेक्षा करू नये. मुंबईचे सर्वात चांगले वातावरण फुकट आहे. माटुंग्यात इडली-डोसा खाऊन फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखाली बसावे. दादरला आस्वाद, प्रकाश किंवा मामा काणे यांच्याकडे थालीपीठ, साबुदाणा वडा, बटाटावडा खाऊन शिवाजी पार्कचा कट्टा गाठावा. धोबीतलावला कयानीत ब्रुन मस्का, आम्लेट आणि मावा केक घेऊन मरीन ड्राइव्हला जावे. गिरगावात जेवून चौपाटीवर सूर्यास्त पाहावा. खाण्याला अर्धा तास, गप्पांना दीड तास. मुंबई पाहिल्याचे समाधान वेगळेच.

प्रवासाचा त्रासही आता थोडा कमी झाला आहे. ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या मेट्रो-३ मुळे दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी हे भाग एका वातानुकूलित गाडीने जोडले गेले आहेत. स्थानकांत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. लोकलच्या पुलांचे जिने चढण्यापेक्षा ज्येष्ठांना ते सोयीचे. गिरगाव-काळबादेवीची जुनी खाद्यसंस्कृती पश्चिम उपनगरांतल्या पाहुण्यांच्या आवाक्यात आली ती यामुळे.

निघण्याआधी हॉटेलात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. इतकी माणसे एकत्र बसतील का? जिना आहे का? स्वच्छतागृह आहे का? श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावरचे जेवण पाहुण्यांना आयुष्यभर लक्षात राहील असे, पण ते पहिल्या मजल्यावर आहे आणि गर्दीच्या वेळी थांबावे लागते. पन्नाशीतल्या काकांसाठी हा अनुभव, ऐंशीच्या आजीसाठी शिक्षा. काळबादेवीच्या अमर्याद गुजराती थाळीचेही तसेच. श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून आग्रहाने वाढते आहे, पण थाळीचा दर माणशी असतो. घरात अर्धी भाकरी खाणारी माणसे असतील, तर तो दर वसूल होत नाही. उलट शेतात राबणारे दोन पुतणे सोबत असतील, तर याहून किफायतशीर जागा नाही.

मागवायचे कसे?

हा भाग लहान वाटतो, पण जेवणाची चव यावरच ठरते. मेन्यूकार्ड प्रत्येकाच्या हातात गेले, की प्रत्येक जण उजवी बाजू वाचतो आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक नाहीशी होते. तेव्हा कार्ड यजमानाने घ्यावे, दोन-चार पदार्थ ‘मधे ठेवायला’ म्हणून आधीच सांगून टाकावेत. ‘काय घेणार?’ ऐवजी ‘गोड आवडेल की तिखट?’ असे विचारावे. बिल टेबलावर येऊ न देता हात धुवायला जाताना गल्ल्यावर चुकते करावे. बिलावरून काका आणि वडील यांच्यात जी ओढाताण होते, तीही त्यामुळे वाचते.

त्याच भेटीत शेवटच्या दिवशी आम्ही दुपारी चारला एका जुन्या हॉटेलात गेलो. पंखे गरगरत होते, तीन टेबले सोडून सगळी रिकामी. पोऱ्याने आपणहून दोन टेबले जोडून दिली. आम्ही पावणेदोन तास बसलो. आत्याने तिच्या लग्नातली एक गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. आईने स्वतःहून पोऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, ‘अजून एक प्लेट आण रे बाळा.’ त्या दिवसाचे बिल आधीच्या मॉलमधल्या बिलाच्या चौथ्या हिश्श्याइतकेही नव्हते. ज्या जागी आपली आई भाव न पाहता ‘अजून एक’ म्हणते, ती जागा चांगली. याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

यात शहराचे काय?

हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा, असे म्हणून सोडून देता येणार नाही. परवडणाऱ्या किमतीत निवांत बसता येईल अशी जागा ही शहराची गरज आहे, जशी बाग आणि वाचनालय ही गरज आहे. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात खोल्यांचे आणि गाळ्यांचे चौरस फूट मोजले जातात. त्या गाळ्यात ७०-८० वर्षे एक उपाहारगृह चालत होते आणि त्याच्यामुळे तो नाका ओळखला जात होता, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. वारशाच्या यादीत इमारतीचा दर्शनी भाग येतो. तिच्या तळमजल्यावरचा चहा येत नाही. पुनर्विकासाच्या काळात अशा उपाहारगृहांना जवळपास तात्पुरती जागा मिळावी, परतल्यावर काही वर्षे मालमत्ता करात सवलत मिळावी, एवढे तरी महापालिकेला करता येईल. समुद्रकिनारी, उद्यानांत पाठीची बाके, सावली आणि स्वच्छतागृहे वाढवणे त्याहूनही सोपे. जेवण हॉटेलाने द्यावे, बसायला जागा शहराने द्यावी.

आणि आपणही एक करावे. पाहुणचार बिलाच्या आकड्याने मोजणे थांबवावे. गावाकडून येणारी माणसे झुंबरे पाहायला येत नाहीत. ती आपल्याला पाहायला येतात आणि त्यासाठी उजेड पुरेसा लागतो.